वहीचं शेवटचं पान

मी वर्षाला एक रहस्यकथा लिहिते, दिवाळी अंकासाठी. जास्त जमत नाही आणि जमवायची हौसही नाही. एरवी मी फोर्टमधल्या एका विमा कार्यालयात मृत्यूच्या दाव्यांच्या फायली तपासते, त्यामुळे माणसं कशी मरतात आणि मागे राहिलेले काय लिहून देतात हे शोधायला मला बाहेर जावं लागत नाही. जूनमध्ये संपादकांचा फोन येतो, "काय बाई, यंदा कुणाला मारताय?" जुलै संपायच्या आत मी कथा पाठवते.

कथा सुचते मात्र नेमकी हात रिकामे नसताना. दादरच्या फुलबाजारात एकदा मला अख्खी कथा सुचली होती, शेवटासकट. एका हातात शेवंतीची पिशवी, दुसऱ्या हातात नारळ, खांद्यावर ऑफिसची बॅग. घरी जाऊन लिहू म्हटलं. घरी आले, फुलं परातीत पसरली, पाणी प्यायले, पेन घेऊन बसले तर समोर काही नाही. कुणीतरी कुणाला तरी पुलावर भेटतं, एवढंच उरलं होतं. पुढचे तीन दिवस मी ऑफिसातून सुटल्यावर त्याच फुलवाल्यापुढे जाऊन उभी राहिले, की जागा बघून आठवेल. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, काय हरवलंय का तुमचं?" मी पाव किलो झेंडू घेतला आणि घरी आले.

तेव्हापासून सुचलं की लिहायचं, असू तिथे. केमिस्टच्या बिलामागे, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर, एकदा मासळीबाजारात रांगेत तळहातावर. मोबाइलवर लिहीत नाही. चष्मा शोधून अक्षरं दाबेपर्यंत मधलं निसटतं.

दुसरा नियम अनुभवाने केला. "काका. चप्पल. उलट." अशी माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी अजून खणात आहे. तिचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. म्हणून मी खुणेचे शब्द सोडले. ज्याच्या डोक्यात ते चाललंय त्याच्याच तोंडून, "मी" म्हणून, पूर्ण वाक्यं लिहायची. तसं लिहिलं की दुसऱ्या दिवशी वाचताना त्या माणसाचा आवाज येतो, आणि आवाज आला की बाकीचं मागोमाग येतं. हा नियम मला फार उपयोगी पडला. पुढचं सगळं त्याच नियमामुळे झालं.

आम्ही फणसवाडीत राहतो. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा माझगावला गोदीत नोकरीला आहे, संध्याकाळी उशिरा घरी येतो. सासूबाई लालबागच्या एका शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. त्या वर्षी त्या मोरीत घसरल्या, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि बाहेरच्या खोलीतला दिवाण हलवून तिथे आम्ही रुग्णालयातल्यासारखा पलंग आणून टाकला. दिवसा नर्सिंग ब्युरोची बाई असायची, सकाळी आठ ते रात्री आठ. आम्ही तिला मावशी म्हणत असू. मूळची मालवणकडची, राहायला लालबागला. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध मी द्यायचे.

ब्युरोच्या नियमाप्रमाणे मावशी एक वही ठेवत. किती वाजता काय दिलं, बीपी किती, लघवी झाली का. सासूबाई ती वही रोज मागून घेत आणि लाल पेनाने तपासत. मावशींनी "लगवी" लिहिलं की त्या "लघवी" करत, आणि खाली सही.

"आजी, या वयात माका नापास करतलास काय?" मावशी म्हणायच्या.

"या वयात तरी पास हो की गं," सासूबाई म्हणत.

त्या संध्याकाळी मावशींच्या घरी पाहुणे होते म्हणून त्या सातलाच गेल्या. मी ऑफिसातून आले तेव्हापासून सासूबाईंच्या हाका चालू होत्या. उशी वर कर. पंखा कमी कर. खिडकी लाव. पंखा वाढव, गुदमरतंय. दूध गॅसवर ठेवलं आणि पुन्हा हाक आली, उशी खाली कर. मी उशी खाली केली, स्वयंपाकघरात आले, ओट्याला टेकले, आणि त्या क्षणी कथा आली. सगळी, एकदम. समोर मावशींची वही आणि पेन होतं. मी वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर लिहिलं:

"म्हातारीला संशय येऊ द्यायचा नाही. आठ दिवस दूध वेळेवर द्यायचं, गोड बोलून, हसून. कामवाली आठला जाते, त्यानंतर घरात मी एकटीच. गोळ्या माझ्याच ताब्यात आहेत. नवव्या दिवशी दुधात. वय बघून डॉक्टर काही विचारणार नाहीत."

एवढं लिहून होईतो दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, उरलेल्या दुधात वेलची घालून ते सासूबाईंना नेऊन दिलं. पान नंतर फाडून घेऊ म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी कथेची पहिली चार पानं सलग लिहिली. लिहून ठेवलं की बहुतेक वेळा कागद पुन्हा लागतच नाही, ते लिहिता लिहिताच डोक्यात बसतं. मग कागद कुठे राहिला हेही आठवत नाही.

सासूबाईंची एक सवय मला लग्न झाल्यापासून माहीत होती. वही तपासायला घेतली की त्या आधी शेवटचं पान बघत. मुलं अभ्यास पुढून करतात आणि मनातलं मागून लिहितात, असं त्यांचं मत होतं. मावशींच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांना काय मिळणार होतं? कधी नातवाच्या शाळेच्या बसची वेळ, कधी भिशीवाल्या बाईचा फोन नंबर. तरी त्या बघत.

त्यांनी ते दुसऱ्या दिवशी दुपारीच वाचलं. मला कळलं अकरा दिवसांनी.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी दूध घेतलं नाही. पोट जड आहे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी मी पेला ओठाला लावला तर त्यांनी मान फिरवली आणि डोळे मिटून घेतले. मग वरणभात बंद झाला. मऊ खिचडी केली, तीही तशीच परत आली. मावशींनी फोन करून सांगितलं, "वैनी, आजी काय ऐकत नाय हां. केळं सोलून दिलं तर म्हणतात ठेव ते, दुसरं दे, मी सोलते. थरथरत्या हातांनी सोलत बसल्या होत्या."

"खाल्लं ना पण?"

"अर्धं."

नवरा म्हणाला, "तू जरा प्रेमाने देऊन बघ ना. तू देतेस तेव्हा ऑफिसात फाइल टाकल्यासारखं देतेस."

ते खरं होतं. मी फार हसरी बाई नाही. पण त्यांचे हात काटक्यांसारखे दिसायला लागले होते, म्हणून मी ठरवलं की वागणं बदलायचं. घड्याळ लावून, ठरल्या वेळेला दूध न्यायला लागले. त्यात थोडी साखर वाढवली. पलंगावर त्यांच्याजवळ बसले, केसांवरून हात फिरवला आणि हसून म्हणाले, "घ्या ना आई, माझ्यासाठी दोन घोट." असं मी त्यांच्याशी तीस वर्षांत बोलले नव्हते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, त्यांना कुठेतरी कळ आली असावी. त्यांनी दोन्ही हातांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

मी रोज थोडी जास्त हसत होते.

एका सकाळी मी ऑफिसला निघताना त्यांनी विचारलं, "माझा विमा आहे का गं?"

"आहे ना आई. लहानसा आहे, मीच काढलाय." मला बरं वाटलं होतं, निदान त्या काहीतरी बोलल्या. "सगळे कागद माझ्याकडे व्यवस्थित आहेत. तुम्ही काळजी करू नका."

मग मुलाला म्हणाल्या, "आज दांडी मार रे."

"आई, गोदीत दांडी मारता येत नाही. काय होतंय तुला?"

"काही नाही. घरी असलास तर बरं, एवढंच."

तो गेला. मीही गेले. आठव्या दिवशी डॉक्टर घरी आले. त्यांनी सासूबाईंच्या कातडीला चिमटा घेऊन बघितला, सोडल्यावरही कातडी तशीच वर राहिली, इतकं अंगातलं पाणी कमी झालं होतं. मला जिन्यापर्यंत नेऊन म्हणाले, "दोन-तीन दिवस बघू. नाहीच खाल्लं तर दाखल करून नळी घालावी लागेल. आणि या वयात नळी लागली की माणूस पुन्हा पायावर उभं राहील याची मी खात्री देत नाही." मी विचारलं, कारण काय? ते म्हणाले, "काही वेळा म्हातारी माणसं ठरवून टाकतात."

मला ते पटलं नाही. ज्या बाईने खुबा मोडल्यावर शुद्धीवर येताच नर्सला तिच्या फळ्यावरचं अक्षर सुधारायला सांगितलं होतं, ती असं काही ठरवणाऱ्यातली नव्हती.

रविवारी दुपारी नवरा पलंगासाठी हवेची गादी आणायला परळला गेला होता. मावशींची सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात बसून, फाइल तपासते तसं, मावशींनी फोनवर सांगितलेलं एका कागदावर लिहायला घेतलं. काय खाल्लं: केळं, स्वतः सोललेलं. शहाळं, डोळ्यांसमोर फोडलेलं. बिस्किटं, नवा पुडा उघडला तर, उघड्या पुड्यातली नाहीत. मोसंबं. काय खाल्लं नाही: दूध, भात, खिचडी, पेज, उकडलेला बटाटा कुस्करून दिलेला. मी दोन्ही याद्या बघितल्या. जे पोटात जात होतं ते सगळं बंद होतं. सालात, कवचात, पुड्यात.

बंद वस्तूच खाणारा माणूस कशाला घाबरतो, हे मला वेगळं सांगायला नको होतं. मग आठवलं, मावशी दोन-तीनदा म्हणाल्या होत्या, "आजी वही देत नाय परत. मी आता कॅलेंडरवरच लिवतंय." मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

सासूबाईंचा डोळा लागलेला होता. मी उशीखाली हात घातला. वही तिथेच होती. उलटी केली. शेवटच्या पानावर माझं अक्षर, ठसठशीत, वळणदार, एकही शब्द खोडलेला नाही. त्याखाली लाल शाईत लिहिलं होतं, "पाहिले". खाली त्यांची सही आणि तारीख.

मी आधी काय विचार केला ते प्रामाणिकपणे सांगते. मी दाव्याचा विचार केला. ही बाई या आठवड्यात गेली, आणि अंथरूण काढताना ही वही कुणाच्या हाती लागली, तर? माझं अक्षर, माझ्या ताब्यातल्या गोळ्या, मी काढलेला विमा, आणि खाली मयत व्यक्तीची सही. अशी फाइल माझ्या टेबलावर आली असती तर मी ती पुढे जाऊ दिली नसती. माझ्या बोटांनी पानाचा वरचा कोपरा धरला. फाडायला एक सेकंद लागला असता.

"फाड," सासूबाई म्हणाल्या. त्या जाग्या होत्या. "मुलंपण फाडायची."

मी पान सोडलं. "आई, ही गोष्ट आहे. दिवाळी अंकासाठी. तुम्हाला माहितीये मी लिहिते."

"मुलंपण हेच सांगायची. बाई, गोष्ट लिहीत होतो."

मी उठून कपाटातून ऑफिसची बॅग आणली, कथेची लिहिलेली पानं काढली, त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पानं घेतली नाहीत.

"वाचून दाखव."

मी वाचलं. कथेतली सून संध्याकाळी घरी येते, म्हातारी तिला पंखा कमी करायला सांगते, मग वाढवायला. दुसरं पान संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

"या म्हातारीचापण खुबा मोडलाय?"

"हो."

"हिला दुधात वेलची लागते?"

मी ते लिहिलं होतं.

"मग ही कोण?"

"तुम्ही," मी म्हणाले. "तुमच्यावरूनच घेतलीये."

"आणि दूध देणारी?"

खाली वाडीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला खोटं बोलायचं असतं तर तेवढा वेळ पुरेसा होता. कथेतली पात्रं काल्पनिक असतात हे वाक्य तर मी छापलेलंच पाहिलेलं आहे. पण समोरच्या बाईने तीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकल्या होत्या. खोटं ऐकून ती जेवली नसती.

"मी," मी म्हणाले.

"तुझ्या मनात आलं होतं?"

"त्या संध्याकाळी आलं. दूध तापेपर्यंत. लिहिलं आणि गेलं. पुन्हा आलं नाही."

"लिहिलं नसतंस तर?"

सुचलेलं लिहिलं नाही तर ते नाहीसं होतं, असं मी इतकी वर्षं मानत आले. पण सगळंच नाहीसं होतं का, की काही गोष्टी डोक्यातच कुठेतरी जाऊन बसतात? मी म्हणाले, "माहीत नाही आई."

सासूबाईंनी छताकडे बघितलं. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली होती. अकरा दिवस ही बाई माझ्याच घरात, माझ्याकडे पाठ न करता पडून राहिली होती, आणि मुलाला काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "त्याला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुझी बायको मला मारणारे? आणि खरं नसेल तर? तुमचा संसार मोडला असता." मग म्हणाल्या, "आणि खरं असतं, तर तो बघत असताना तू केलं नसतंस. म्हणून त्याला घरी राहा म्हटलं."

मी पलंगाच्या कडेवर बसले. मला रडू आलं नाही, मी रडणारी नाही. मी म्हणाले, "आई, तुम्ही आता काहीतरी खायलाच हवं. माझ्या हातचं नको असेल तर मी खालच्या मजल्यावरच्या वहिनींना बोलावते. त्या करतील, त्या देतील."

"आणि त्यांना काय सांगशील?"

"जे आहे ते."

"नको," त्या म्हणाल्या. "दूध आण."

मी स्वयंपाकघरात गेले. दार उघडं ठेवलं, म्हणजे त्यांना पलंगावरून ओटा दिसेल. पातेलं विसळलं, ते त्यांच्याकडे वळवून दाखवलं. दुधाची नवी पिशवी कापली. साखरेचा डबा उघडला तेव्हा त्या तिथून म्हणाल्या, "साखर नको." मी डबा बंद केला. दूध तापलं, पेल्यात ओतलं, नेलं. हसले नाही. त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

"आधी तू."

मी दोन घोट घेतले. जीभ पोळली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बघतच राहिल्या. मी पेला धरून बसले. दहा मिनिटं झाली. दुधावर साय धरली. मग त्यांनी हात पुढे केला, पेला घेतला आणि थांबत थांबत सगळं दूध प्यायल्या. संध्याकाळी नवरा गादी घेऊन आला तेव्हा त्या पेज पीत होत्या. "बघ," तो मला म्हणाला, "प्रेमाने दिलं की घेते."

नळी लागली नाही. दोन महिन्यांनी त्या वॉकर धरून मोरीपर्यंत जायला लागल्या. मी ती कथा पूर्ण केली नाही. संपादकांना जुन्या चिठ्ठ्यांतून दुसरी काढून दिली, त्यांना ती आवडली नाही, तरी त्यांनी छापली. सुचलेलं मी अजून लिहिते, पण ऑफिसातल्या टेबलावर, आणि कागद खणात टाकून किल्ली पर्समध्ये ठेवते. घरात काही सुचलं तर लिहीत नाही. जाईल ते जाऊ देते, आणि काय गेलं असेल याची मग रात्रभर धास्ती वाटत राहते.

सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत. आमचं बरं चाललं आहे. त्या माझी कथा आता छापून आली की वाचतात आणि लाल पेनाने तपासतात. दूध मी रोज सकाळ-संध्याकाळ देते, आणि रोज पहिला घोट मी घेते. पहिल्या महिन्यात त्या दहा मिनिटं थांबायच्या. मग पाच झाली. गेलं वर्षभर एकच मिनिट थांबतात. हल्ली त्या घड्याळाकडे उघड बघत नाहीत, चष्मा पुसल्यासारखं करतात, पदर नीट करतात, मावशी आल्या का विचारतात. पण पेला हातात घेत नाहीत. मीही पेला धरून उभी राहते आणि मनातल्या मनात साठपर्यंत मोजते.